शेवटची ओळ

गाठ पडली ती एका बंद दुकानामुळे. नेहमीच्या झेरॉक्सवाल्याचं शटर खाली होतं आणि पाऊस काही केल्या हटत नव्हता, म्हणून ती गल्लीच्या टोकाच्या टायपिंगच्या दुकानात शिरली. पेन ड्राइव्ह पुढे करत म्हणाली, "एक प्रिंट. रंगीत."

टायपिंगवाल्याने फाइल उघडली आणि तो नुसताच बघत राहिला. डावीकडे फोटो, निळ्या चौकटी, प्रत्येक कौशल्यापुढे छोटे छोटे तारे.

"छान सजवलाय बायोडेटा," तो म्हणाला. "पण... हा कुणी वाचलाय का?"

तिला राग आला. खरं तर रडू येत होतं, राग सोयीचा होता. ती काम करायची ते गोदाम बंद पडून आठ महिने झाले होते. सात वर्षं तिथल्या मालाची आवकजावक तिने सांभाळली, आणि आता भावाच्या घरी वहिनीचा चेहरा सांभाळत दिवस काढत होती. अठ्ठेचाळीस अर्ज केले होते. कुणी साधं 'नाही' म्हणायचीही तसदी घेतली नव्हती.

त्याने स्टूल पुढे सरकवलं. हल्ली अर्ज आधी माणूस नाही, कॉम्प्युटर चाळतो, असं सांगून त्याने तिचा बायोडेटा साध्या मजकुरात उतरवून दाखवला. चौकटींतलं सगळं गायब. दोन रकान्यांतल्या ओळी एकमेकींत घुसलेल्या. आणि नाव, फोन नंबर कुठेच नाही. ते तिने पानाच्या अगदी वरच्या पट्टीत टाकले होते, आणि ती पट्टी बरीच यंत्रं वाचतच नाहीत.

"म्हणजे आठ महिने मी निनावी अर्ज करतेय?"

"निनावी... पण देखणे," तो बोलून गेला, आणि लगेच कीबोर्डवरची धूळ पुसायला लागला.

मग ती रोज यायला लागली. त्या दुकानात मन रमावं असं काही नव्हतं. ओल आलेली भिंत, एकुलती ट्यूबलाइट, मागच्या खोलीत अंथरुणाला खिळलेले त्याचे वडील. दर तासाला तो उठून त्यांची कूस बदलून यायचा. उरलेला वेळ तिचा. एकच रकाना ठेवायचा, शीर्षकं साधी द्यायची, जाहिरातीत जो शब्द असेल तोच आपल्याकडे लिहायचा, हे तो समजावून सांगायचा. तिने एकदा सांगितलं की नुसत्या वासावरून ती ओलावलेलं पोतं ओळखते.

"हे कुठे लिहायचं?" तिने विचारलं.

"यंत्राला कशाला सांगता? मला सांगा ना."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, हे तिलाच घरी जाताना जाणवलं.

एकोणपन्नासावा अर्ज लांबच्या शहरातल्या एका गोदामासाठी होता. आठवड्याने तिथल्या बाईंचा फोन आला. सगळं विचारून झाल्यावर त्या जरा घुटमळल्या. यंत्राने काढलेल्या माहितीत कौशल्यांच्या खाली एक ओळ आहे, वाचून दाखवू का, म्हणाल्या.

"'जाऊ नकोस. मला तू हवी आहेस.' हे कसलं कौशल्य?"

लाजेने तिची कानशिलं तापली. सुदैवाने बाईंना हसू आलं. सोमवारी रुजू व्हा, म्हणाल्या.

ती तडक दुकानात गेली. त्याने मान वर केलीच नाही. अर्ज पाठवायच्या दिवशी ती कुणाचा तरी फोन घ्यायला दाराबाहेर गेली होती, तेवढ्यात त्याने ती ओळ पांढऱ्या पानावर पांढऱ्याच अक्षरांत लिहिली होती. डोळ्यांना दिसत नाही, यंत्राला मात्र दिसते, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? ती आत आली आणि पुसायचं राहून गेलं.

"माझ्या पोटावर पाय आला असता."

"हो."

"तोंडाने का नाही सांगितलंत?"

"नोकरीसाठी वणवण करणाऱ्या माणसाला 'जाऊ नकोस' कुठल्या तोंडाने सांगायचं?"

तिने ओली छत्री दाराशी टेकवली.

"आठ महिन्यांत घरात मला कुणी थांब म्हणालं नाही," ती म्हणाली. "तुम्ही पहिले. आवडता तुम्ही मला, फार आवडता. तरी मी जाणार आहे."

"जायलाच हवं," तो म्हणाला. "आणि मला... बाबा असेपर्यंत हलता यायचं नाही."

ते तिला माहीत होतं. "हलता येईल तेव्हा लागेल," म्हणत तिने त्याला खुर्चीवरून उठवून स्टुलावर बसवलं आणि स्वतः कीबोर्ड ओढला. हजारो लोकांचे बायोडेटे करणाऱ्याने स्वतःचा कधी केला नव्हता. ती विचारत गेली, तो सांगत गेला. अनुभव अकरा वर्षं. पत्ता हाच. शेवटी ओळख देणाऱ्या व्यक्तीचा रकाना आला. तिथे तिने आपलं नाव घातलं, नंबर घातला. 'नातं' या शब्दापुढे मात्र तिची बोटं थांबली.

"हे तुम्ही भरा," ती म्हणाली.

तो पुढे वाकला. एका बोटाने, नवशिक्यासारखा, अक्षरं शोधत त्याने लिहिलं : होणारी बायको.

"वाट बघावी लागेल," तो म्हणाला. "किती, ते नाही सांगता येत."

"फाइल सेव्ह करा," ती म्हणाली, आणि डोळे पुसत बॅग भरायला घरी गेली.