उसना आवाज

लष्करातून सुटल्यावर मी भिंगारच्या बाजारात रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. सिग्नल्समध्ये सोळा वर्षं काढलेली, त्यामुळे मला रंगनाथ म्हणून कुणी हाक मारत नाही, सगळे हवालदारच म्हणतात. आवाजाशी माझा रोजचा संबंध. तार तुटली की तो थांबतो, जोडली की येतो. याहून जास्त विचार मी त्याच्याबद्दल कधी केला नव्हता.

१९७३च्या फेब्रुवारीत, भर दुपारी, दुकानासमोर टांगा थांबला आणि एक बाई उतरल्या. साधं सुती पातळ, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात जपानी टेपरेकॉर्डर. तो त्यांनी टेबलावर ठेवला.

"यात माझा आवाज येत नाही," त्या म्हणाल्या.

एकेक शब्द त्या जपून उच्चारत होत्या. घाम पुसायला त्यांनी चष्मा काढला तेव्हा मी ओळखलं. कुमारी शरयू. नगरच्या थिएटरांवर दहा वर्षं हा चेहरा लागलेला मी पाहिला होता. पण आवाज ओळखीचा नव्हता. सिनेमातल्या शरयूचा आवाज बारीक, गोड, पुण्याच्या वळणाचा. समोरच्या बाईंचा आवाज जाड होता, थोडा घोगरा, माळावर लांबून हाक मारायची सवय असलेला.

मी यंत्र लावून माइकपुढे "एक, दोन, तीन" म्हणालो. टेप उलटी फिरवली, स्वच्छ ऐकू आलं. मग त्या बोलल्या. टेपवर आलं ते फारच मंद, दोन घरं पलीकडे कुणी बोलावं तसं. मी हेड साफ केलं, माइक बदलला. शेवटी माझा स्वतःचा टेपरेकॉर्डर काढला. तरी तेच.

"आठ दिवसांनी या," मी म्हणालो. यंत्रात दोष नव्हता, पण तसं सांगायला जीभ रेटेना.

त्या पुढे तीन-चार वेळा आल्या. स्टुलावर बसत आणि माझं काम चाललं असताना थोडं थोडं बोलत. त्यांचं खरं नाव मनकर्णा. गाव घोडेमाळ, हिवरे बाजारापासून दोन कोसांवर. वडील लहानपणीच गेले, आई साळूबाई शेतात राबायची. एकसष्ट साली त्या माळावर घोड्यांच्या पाठलागाचं शूटिंग झालं. सोळा वर्षांची मनकर्णा त्या लोकांना पाणी वाढत होती. कंपनीच्या मालकानं तिचा चेहरा पाहिला आणि साळूबाईला सांगितलं, पोरीचं सोनं करतो. तो तिला कोल्हापूरला घेऊन गेला. मात्र आईनं तिकडे यायचं नाही, अशी अट त्यानं घातली. लुगड्यातली आई दिसली की नटीचं नाव खाली येतं म्हणे.

"पहिल्याच दिवशी मी तोंड उघडलं आणि कॅमेरावाला हसला," त्या म्हणाल्या. "मालक म्हणाले, तू नुसतं तोंड हलव. बाकीचं आमी बघतो." आणि लगेच त्यांनी स्वतःलाच दुरुस्त केलं, "आम्ही. आम्ही बघतो."

अकरा सिनेमांत त्यांनी तोंड हलवलं. शूटिंगच्या वेळी आवाज घेतच नसत. तो मागाहून पुण्याच्या रिसबूडबाई देत. रिसबूडबाई त्यांना एकदाच भेटल्या. म्हणाल्या, "अगंबाई, तू बोलतेस होय? मला वाटलं होतं मुकी असशील."

चारचौघांत बोलायला बंदी होती. नगरला त्यांचा सत्कार झाला तेव्हा त्या हात जोडून उभ्या राहिल्या आणि तशाच खाली उतरल्या. सत्कार करणारे शेठजी म्हणाले, नटी शिष्ट आहे. त्या सत्काराला मीही होतो, आणि तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं.

बाहत्तर साली मालकाला नवी मुलगी मिळाली. त्याच वर्षी मुंबईत टेलिव्हिजन सुरू झालं आणि एका नाटुकल्यासाठी त्यांना बोलावणं आलं. पण तिथं समोरासमोर स्वतःच्या तोंडानं बोलावं लागतं. त्यांनी दोन वाक्यं म्हटली. तिथले एक साहेब इकडे तिकडे बघत म्हणाले, "बाई, तुमचा आवाज कुठे आहे?"

म्हणून त्यांनी टेपरेकॉर्डर घेतला होता. बोलायचं, ऐकायचं, जीभ सुधारायची आणि परत जायचं. पण प्रत्येक खेपेला टेपवरचा त्यांचा आवाज आणखी दूर गेलेला असे. मार्चमध्ये तर समोर बसून बोलल्या तरी मला पुढे वाकून ऐकावं लागू लागलं.

"घसा दाखवला?"

"सिव्हिलला दाखवला. डॉक्टर म्हणतात, कायबी न्हाई." या वेळी त्यांनी स्वतःला दुरुस्त केलं नाही.

मार्चच्या अखेरीला मच्छिंद्र आला. त्याचा तंबूचा फिरता सिनेमा होता. दुष्काळात गावं ओस पडली, पण तलावाच्या कामावर हजार-दोन हजार माणूस खडी फोडायला जमे, म्हणून त्यानं तंबू घोडेमाळच्या तलावाशेजारी ठोकला होता.

"हवालदार, मशिनीचा आवाज बिघडलाय," तो म्हणाला.

"येत नाही की फाटतोय?"

"येतोय. पर हिरविनीचा येगळाच येतोय." तो ओशाळला. "शरयूबाईचा पिच्चर हाय, धाकल्या सुनंचा. चार वर्सं तीच रिळं चालवतोय. परवापास्नं ती न्हाई-व्हय करून बोलाया लागली. बाया हसत न्हाईत, चिडीचूप बसून ऐकत्यात."

मी हत्यारांची पिशवी घेतली आणि त्याच्याबरोबर गेलो. दुपारचे दोन वाजले होते. तंबूत कनातीच्या भोकांतून उन्हाच्या काड्या जमिनीवर पडल्या होत्या, बाहेर दगडावर घण पडत होते. दिवसा चित्र दिसत नाही, पण आवाज काढता येतो. फिल्मच्या कडेला आवाजाची बारीक पट्टी असते, तिच्यावर छोटा दिवा पडला की झालं. मी जनरेटर चालू करायला लावला आणि पहिलं रीळ चढवलं.

सासरा बोलला. दीर बोलला. अगदी सिनेमात बोलतात तसे. मग धाकटी सून बोलली.

तो आवाज जाड होता, थोडा घोगरा. माझ्या दुकानातल्या स्टुलावर महिनाभर बसलेला.

मी रीळ थांबवलं. पट्टी भिंगाखाली धरली. कुठे जोड नव्हता, खरवड नव्हती. पुन्हा चालवलं. "पान्याला गेल्ते," सून म्हणत होती, आणि तिला मिळणारं उत्तर पाण्याबद्दल नव्हतंच. सासरा तिला दागिन्यांबद्दल बोलत होता. ती तिचं वेगळंच बोलत होती. मी एवढंच रीळ ऐकलं. मच्छिंद्रला म्हणालो, आजचा खेळ बंद ठेव. तो म्हणाला, आज बाजारचा दिवस, तंबू भरणार, बंद कसा ठेवू?

हे सगळं होईपर्यंत पाच वाजले. सायकल माझ्याबरोबर होती. मी सरळ घोडेमाळात साळूबाईच्या घरी गेलो; सिनेमा सुटल्यापासून लेक तिच्याकडेच राहत होती. मनकर्णाबाई ओट्यावर बसल्या होत्या. मी जे ऐकलं ते त्यांना शब्दशः सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला.

"ते मी बोलले होते," त्या म्हणाल्या. आवाज इतका लहान, की मी ओठांकडे बघून समजून घेत होतो. "शूटिंगला. आवाज घेतच नव्हते. वाटलं, काय बी बोललं तरी कुनाला ऐकू जातंय? मग मनातलं बोलायची. त्यांना नुसते ओठ हललेले पाहिजे होते."

"पण मग ते फिल्मवर आलं कसं? माइकच नव्हता तर?"

त्यांनी माझा हात धरला. "हवालदार, शेवटून दुसऱ्या रिळात सून उंबऱ्यात हात जोडती. तिथं मी जे बोलले ते आईच्या कानावर जायला नको. अकरा वर्सं मी तिला पत्रं घातली, मी सुखात हाय म्हनून."

"आई कुठे आहेत?"

"कामावर. बाया तिला म्हनाल्या, तुझ्या मनीचा आवाज येतो तंबूत. ती आज जानार हाय. जिंदगीत पहिल्यांदा माझा पिच्चर बघनार हाय."

आम्ही निघालो. तलावापर्यंतची वाट लांब, उकरलेल्या मुरुमाची, सायकलवर दोघं बसणं शक्य नव्हतं, म्हणून चालत. दिवस मावळला. लांबून जनरेटरचा आवाज येऊ लागला तेव्हा खेळ सुरू होऊन बराच वेळ झाला होता.

तंबू गच्च भरला होता. एका बाजूला बाया, एका बाजूला पुरुष, मध्ये कापडाची पट्टी. बिड्यांचा धूर, खडीची धूळ, पोरांना चारलेल्या सुकडीचा गोडसर वास. एरवी अशा तंबूत कालवा असतो. त्या दिवशी लहान पोरंसुद्धा गप्प होती.

पडद्यावर शरयू बोलत होती. सिनेमात तिचे ओठ आणि आवाज नेहमी थोडे मागेपुढे असत, हे मला पूर्वीपासून जाणवे. आज ते तंतोतंत जुळत होते.

साळूबाई तिसऱ्या रांगेत बसली होती. मनकर्णाबाई तिच्याजवळ जाऊन बसल्या, कानाशी तोंड नेलं, काहीतरी सांगू लागल्या. ओठ हलत होते. साळूबाईनं वळूनही पाहिलं नाही. मग मनकर्णाबाईंनी माझ्याकडे पाहून मशीनकडे बोट दाखवलं.

मी मागे धावलो.

"मच्छिंद्र, बंद कर."

"पब्लिक तंबू फाडंल, हवालदार!"

मी त्याला बाजूला केलं. मशीन बंद केलं तर काळोखात चेंगराचेंगरी झाली असती, म्हणून नुसता आवाज बंद केला. बटण फिरवलं. आवाज थांबला नाही. मी अँप्लिफायरच्या मागे हात घातला आणि कर्ण्याची तार उपसून काढली.

सासऱ्याचा आवाज गेला. जनरेटरच्या धडधडीशिवाय क्षणभर काही नव्हतं.

पडद्यावर धाकटी सून उंबऱ्यात आली. हात जोडले.

"आये," ती म्हणाली.

तार माझ्या हातात होती.

"आये, मला न्यायला ये. ह्यो मानूस लई मारतो. मला हितं ठिवू नको. मी तुला खोटं लिवते. आये, कवा येशील?"

बायांमध्ये कुणीतरी हुंदका दिला.

साळूबाई उठून उभी राहिली. कमरेत वाकलेली बाई, पण त्या वेळी सरळ उभी होती.

"आले गं, माजे बाये," ती मोठ्यानं म्हणाली. "आले. रडू नगंस."

ती पडद्याच्या दिशेनं चालू लागली. बायांनी पाय आखडून तिला वाट दिली.

मनकर्णाबाईंनी तिचा पदर धरला. ओढला. त्यांचं तोंड उघडलं, आणि गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदाच त्यातून स्पष्ट आवाज निघाला.

"आई, मी इथे आहे. आई, इकडे बघा ना."

बारीक, गोड, पुण्याच्या वळणाचा.

साळूबाईनं मागे वळून तिच्याकडे पाहिलं. परक्या बाईकडे पाहावं तसं. "सोडा बाई," ती अदबीनं म्हणाली, "माजी पोर बोलवती." आणि पदर सोडवून घेतला.

रीळ संपलं. पडद्यावर नुसता पांढरा उजेड राहिला. साळूबाई त्याला दोन्ही तळहात लावून उभी होती.

दुसऱ्या आठवड्यात मी घोडेमाळला गेलो. मनकर्णाबाई दारात आल्या. "या ना, बसा. चहा घेणार का?" प्रत्येक शब्द रेखीव. डोळे मात्र रडून सुजलेले. मला त्यांच्याशी बोलता येईना. त्या आवाजाला उत्तर देताना आपण कुणाशी बोलतोय हेच समजत नव्हतं. त्यांनी टेपरेकॉर्डर परत आणला नाही, मीही विचारलं नाही. रिसबूडबाईंची चौकशी करायचं माझ्या मनात दोनदा आलं. पुण्यात माझे ओळखीचे लोक आहेत. मी चौकशी केली नाही.

एप्रिलमध्ये त्या मुंबईला गेल्या. टेलिव्हिजनवर त्यांना काम मिळालं, पुढे आणखी मिळालं. मे महिन्यात मेव्हण्याकडे दादरला गेलो होतो, तिथं मी त्यांना पाहिलं. शेजारपाजारचे पंधरा-वीस लोक जमले होते. "काय शुद्ध बोलते!" मेव्हण्याची बायको म्हणाली. छोट्या पडद्यावर त्या हसून बोलत होत्या. मी मध्येच उठून गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

आईला न्यायला त्या दोनदा आल्या होत्या, असं घोडेमाळचे लोक सांगतात. साळूबाई गेली नाही. त्यांना ती पोरगी म्हणून घरात घेईना. पाहुण्या बाईला द्यावा तसा पाण्याचा तांब्या ओट्यावर ठेवी. आणि तंबूतल्या त्या रात्रीपासून ती कुणाशी एक शब्दही बोलली नाही. सिव्हिलच्या डॉक्टरांनी घसा पाहिला. कायबी न्हाई म्हणाले.

मृगाच्या तोंडावर मच्छिंद्र दुकानात आला. तलावाचं काम संपत आलं होतं. तो तंबू घेऊन पाथर्डीकडे निघाला होता. मशीन आता ठणठणीत आहे म्हणाला.

"आणि तो आवाज?"

"तसाच हाय. मी आता बदलत न्हाई. त्याच पिच्चरला लई गर्दी हाय." तो जायला उठला आणि दारात थांबला. "हवालदार, एक इचारायचं व्हतं. तुमाला सिनेमातलं कळतं. शेवटच्या आधीच्या रिळात ती आये म्हनती ना, तिथं तिला एक म्हातारी जबाब देती. लई मायेनं देती. बाया येऊन इचारत्यात, त्या म्हातारीचं काम कुनी केलंय?"

मी हातातला पेचकस खाली ठेवला.

"मी पडदा रोज बघतो," मच्छिंद्र म्हणाला. "म्हातारी कुठं दिसत न्हाई."