माईकवर नाव नको

सिडकोतल्या चौकात टेम्पो मागे येत होता आणि आभाचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं.

“ओ मॅडम... बाजूला व्हा ना!”

ती दचकून वळली. टेम्पोतून उडी मारून एक उंच पोरगा समोर आला आणि ओशाळून हसला. “सभेच्या खुर्च्या आणल्यात. भाडं नको. मदत समजा.”

“मग नाव सांगा.”

“सार्थक. पण हे तुम्हाला सांगितलं... माईकवर नको.”

माईकवर नाव घ्यायची रीत मोहिनीताईंची. शाळेतून निवृत्त होऊन त्या महापालिकेला अपक्ष उभ्या होत्या. आपल्यामागे कोण आहे हे मतदारांना कळलंच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. म्हणून मदत करणाऱ्या प्रत्येकाचं नाव सभेत वाचलं जायचं आणि वाचायची त्यांची जुनी विद्यार्थिनी, आभा.

सार्थकच्या वडिलांचा, बापूंचा, मंडपाचा धंदा होता आणि तो चालायचा समोरच्या उमेदवाराच्या ऑर्डरींवर. आभानं समजून घेतलं. आजच्या दिवस राहू दे, म्हणाली. मग रोजच राहू दिलं.

खरं सांगायचं तर तिला तो यायला हवा होता. वडील गेल्यावर त्र्यंबक गावातल्या घराला कुलूप लागलं. दिवसभर अंबडला नोकरी, संध्याकाळी भाड्याची खोली आणि एकटीपुरता भात. शेजारचे तिला ‘वरच्या मजल्यावरची’ म्हणायचे. मोहिनीताई सोडल्या तर नावानं हाक मारणारा आता सार्थकच होता.

“माईकवर तू रागावल्यासारखी वाटतेस, आभा.”

“आणि एरवी?”

“एरवी...” त्यानं चहाचा कप तिच्या हातात दिला. “चहा पी. गार होईल.”

थंडीत त्या कपाची ऊब खोलीवर जाईपर्यंत हाताला जाणवत राही. भात शिजेपर्यंत ती खिडकीत उभी राहून त्याचं अर्धवट वाक्य हजार तऱ्हांनी पूर्ण करायची.

पण एका सभेत पुढच्या रांगेतल्या नवसाबाई उठल्या. “सगळ्यांची नावं वाचली पोरी. मग या खुर्च्या कोणाच्या? ते का नाय सांगत?”

आभानं हातातली यादी मिटली. मोहिनीताईंनी नुसतं तिच्याकडे पाहिलं आणि तिची मान खाली गेली.

सभा पांगल्यावर ती टेम्पोपाशी गेली. “नाव दे सार्थक, नाहीतर खुर्च्या घेऊन जा.”

“बापूंच्या कानावर गेलं तर लय तमाशा होईल गं...”

“आणि माझं नाव? तेही बापूंसमोर असंच गिळणार आहेस?”

तो काहीतरी बोलेल म्हणून ती थांबली. तो खुर्च्या भरायला लागला.

त्या रात्री तिनं भात लावलाच नाही. दाराला आतून कडी घातली आणि मनसोक्त रडली.

शेवटच्या सभेला लोकांनी घरून सतरंज्या आणल्या, पाट आणले. आभा सवयीनं रस्त्याकडे बघत होती. टेम्पो येणार नव्हता, हे तिला माहीत होतं.

टेम्पो आलाच नाही. सार्थक चालत आला. डोक्यावर एक वेताची खुर्ची.

“मंडपाच्या खुर्च्या बापूंच्या,” तो धापा टाकत म्हणाला. “ही माझी. पहिल्या कमाईची. माईकवर नाव घे.”

“आणि बापू?”

“सांगून आलोय. खुर्चीचं पण... तुझं पण.”

“काय म्हणाले?”

“ताटावरून उठून गेले.” त्यानं खुर्ची खाली ठेवली. “बोलतील कधीतरी. थांबशील ना तोवर?”

तिला हो म्हणायचं होतं, पण मोहिनीताई हाक मारत होत्या. आभानं माईक हातात घेतला.

“नवसाबाई, सतरंजी. झिपरूकाका, दोन पाट.” पुढचं नाव तिनं हळूच घेतलं. “सार्थक... सार्थक गायधनी. एक खुर्ची.”

“ऐकू नाय आलं!” गर्दीच्या मागून आवाज आला.

लोक हसले. आभाही हसली, डोळे पुसत. मग तिनं माईक जवळ ओढला आणि त्याचं नाव सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं पुन्हा घेतलं.