मागच्या सीटवरचं वजन

थांबव. त्या झाडाच्या अलीकडे, कडेला घे. आणि दिवे बंद कर आधी.

अरे, रागावलो नाहीये. आगगाडी यायला अजून तास आहे. स्टेशनावर तुझ्या आईची वाट बघत डास मारत बसण्यापेक्षा इथे बसू. आत्ता समोरून जो गेला त्याने दोनदा दिवे मारले, वर खिडकीतून काहीतरी ओरडला, आणि तू मला विचारतोस, "मामा, याला काय झालं?" त्याला काय झालं तेच सांगतो. हे नवे बल्ब कधी टाकलेस? रविवारी? बसवले कुणी? स्वतःच, व्हिडिओ बघून. छान. भिंतीवर उजेड पाडून बघितलास? नाहीच. मागे ही तुझी बहीण, डिकीत तुझं ते क्रिकेटचं बिऱ्हाड, आणि चाललाय आपला उजेड आभाळात. तूही ऐक गं. फोन ठेव तो.

ऐकीव गोष्ट नाही ही. माझ्या ओळखीच्या माणसाची आहे.

मोटारींची वायरिंग आणि दिवे करणारे दोघे भाऊ होते. दुकान म्हणजे एक शटर, आत एक लांब टेबल, भिंतीवर खिळ्यांना टांगलेली वायरींची भेंडोळी, आणि समोर पंचवीस फूट मोकळी जागा सोडून एका गोदामाची पांढरी भिंत. त्या भिंतीवर काळ्या टेपची आडवी पट्टी मारलेली. दिव्याचं काम करायचं तर गाडी त्या भिंतीकडे तोंड करून उभी करायची, हा तिथला नियमच.

नियम थोरल्याचा. सगळे त्याला दादाच म्हणायचे, त्याच्यापेक्षा वयाने मोठे असलेलेसुद्धा. कुणी म्हणालं, दिवे मंद वाटतात, जास्त उजेडाचे बल्ब टाका, की दादा आधी काच घासायला लावायचा. "पिवळी पडलीये बघा, अर्धा उजेड इथेच अडकलाय." मग बल्ब. तो खाचेत बसल्याचं बोटाला कळलं पाहिजे, जरा तिरका राहिला तर उजेड वाट्टेल तिकडे फेकतो. आणि मग भिंत. उजेडाची वरची कड त्या पट्टीच्या दोन बोटं खाली हवी. तीही भरल्या गाडीने. "रिकाम्या गाडीने दिवा लावायचा म्हणजे उपाशी माणसाच्या पॅन्टचं माप घेण्यासारखं आहे," म्हणायचा. "जेवून उठला की बटण तुटलं!"

म्हणून तो स्वतः मागे बसायचा. डाव्या बाजूला. अंगाने असा की बाकावर बसला तर दुसऱ्याने उभंच राहावं. तो बसला की गाडी कण्हायची, मागून दबायची, पुढून नाक वर करायची, आणि भिंतीवरचा उजेड सरसर पट्टीच्या वर चढायचा. गिऱ्हाईकं हसायची. धाकटा पुढे वाकून दिव्याचा स्क्रू फिरवायचा. बॉनेट उघडं असल्यामुळे त्याला आतलं काही दिसायचं नाही, म्हणून दोघांची खूण ठरलेली. दादा टेस्टरच्या मुठीने काचेवर वाजवायचा. एकदा टक, म्हणजे अजून खाली घे. दोनदा टक टक, म्हणजे बस, झालं.

वीस वर्षं असं चाललं.

अठ्ठावीस नोव्हेंबर, सोमवार. संध्याकाळी दादा स्कूटर घेऊन कालव्याच्या रस्त्याने शेजारच्या गावी बल्बचे होल्डर आणायला गेला होता. साडेसातला दुकानात एक गिऱ्हाईक आलं, घाईत. रात्रीच लांब निघायचंय, घरी बायकापोरं सामान बांधून बसलीयेत, दिवे अगदी मिणमिणते, आजच्या आज बदलून द्या. धाकट्याने काच घासली. बल्ब खाचेत नीट बसवले. भिंतीवर कड बरोबर दोन बोटं खाली आणली. रिकाम्या गाडीने.

"अर्धा तास थांबा," तो म्हणाला. "दादा येईल, मागे बसेल, मग एकदा बघून घेऊ."

"अर्धा तास कुठे थांबू? झक्क दिसतंय की!"

आणि धाकट्याने सोडली गाडी. एवढीच चूक. बघा, कामात कुठे कसूर नव्हती. फक्त मागे बसायला माणूस नव्हता.

ते गिऱ्हाईक घरी गेलं. मागे चौघं बसली, डिकी कोंबून भरली, आणि गाडी निघाली त्याच कालव्याच्या रस्त्याने. समोरून दादा येत होता.

दादाच्या स्कूटरमागे एक टेम्पोवाला होता. समोरून एवढा पांढरा उजेड आला की त्याने ब्रेक दाबून डोळेच मिटले. उघडले तेव्हा पुढे स्कूटर नव्हती. मोटार निघून गेली होती, तिच्यातल्यांना काही कळलंसुद्धा नाही. टेम्पोवाल्याने हे कालव्याच्या काठावर एकट्या धाकट्याला सांगितलं. परमुलखातला माणूस, सकाळी आपल्या वाटेने गेला. धाकट्याने त्याला एकच विचारलं, किती वाजता? आणि त्याला कळलं. त्या वेळी, त्या रस्त्यावर, तसला उजेड एकाच गाडीचा असणार होता.

तो कुणाला काही बोलला नाही.

आणि लोक तर बोलणारच. रोजचा रस्ता, डोळे मिटून येईल असा, तरी सरळ कालव्यात गेला... म्हणजे घेतली असणार. दादाने आयुष्यात थेंब घेतला नव्हता. पण मेलेला माणूस थोडाच सांगायला येतो? पहिल्यांदा कुजबुज, मग उघड. धाकट्याची वहिनी किराणा दुकानात सामान घ्यायला गेली की बायका गप्प व्हायच्या. दादाच्या मुलीला तर कॉलेजात कुणी तोंडावर म्हणालं. धाकटा एका वाक्यात भावाचं नाव धुऊन काढू शकत होता. पण ते वाक्य बोलायचं तर आधी "माझ्यामुळे" म्हणावं लागत होतं. ते त्याच्या घशातून निघेना. वर्षभर तो वहिनीच्या हातचं जेवत होता, तिच्यासमोर बसून. मला त्याचा राग येतो, आणि कीवही तेवढीच येते.

एक मात्र झालं. जास्त उजेडाचे बल्ब बसवणं त्याने सोडलं. हॉर्न करीन, बॅटरी करीन, दिवे दुसरीकडे न्या.

मग दादाच्या मुलीला नोकरी लागली. पहाटे अंधारात निघायची पाळी. जुनी गाडी घेतली होती तिने, दिव्यांच्या काचा पार पिवळ्या. दुकानात आली, किल्ली टेबलावर ठेवली. "काका, समोरचं काही दिसत नाही रे. बाबा करायचे तसे करून दे." आणि चालत घरी गेली.

तिला नाही कसं म्हणणार?

सतरा नोव्हेंबर, शुक्रवार. दादाला जाऊन वर्ष व्हायला अकरा दिवस कमी. रात्रीचे पावणेदहा. आजूबाजूची दुकानं बंद झालेली. धाकट्याने काचा घासल्या, बल्ब बसवले, खाच बोटाला कळली. गाडी भिंतीकडे तोंड करून लावली, बॉनेट उघडलं. ठरवलं की आधी रिकाम्या गाडीने अंदाज घ्यायचा, मग वाळूची पोती मागे टाकायची. दिवे लावले. स्क्रू फिरवत कड पट्टीच्या दोन बोटं खाली आणली.

हात पुसायला फडकं घेतलं. वर बघितलं.

कड पट्टीवर होती.

त्याला वाटलं, स्क्रू ढिला असेल. पुन्हा खाली घेतली. बघत उभा राहिला. कड हळूहळू वर चढली... पट्टीला लागली... पट्टीच्या वर गेली. तेवढ्यात मागून आवाज आला. स्प्रिंग कण्हल्याचा.

वारा नव्हता. रस्त्यावर कुणी नव्हतं. उघड्या बॉनेटमुळे त्याला आतलं काही दिसत नव्हतं.

टक.

काचेवर. एकदाच.

त्याचा हात स्क्रूवरच होता. वीस वर्षांची सवय... हात आपोआप फिरला. कड खाली आली.

टक.

अजून फिरवला.

मग... टक टक.

कड पट्टीच्या बरोबर दोन बोटं खाली. भरल्या गाडीने.

तो तसाच उभा. बॉनेटच्या पलीकडे जायचं धाडस होईना. पळायचंही होईना. भावाची भीती कशी वाटावी? तरी वाटत होती. डोळ्यांतून पाणी येत होतं.

"दादा..."

काही नाही.

"दादा, मी रिकाम्या गाडीने सोडली ती. तू नव्हतास मागे बसायला. मी थांबायला पाहिजे होतं... माझ्या हातचा उजेड होता तो, दादा. माझ्या हातचा."

काही नाही. फक्त दिव्यांचा उजेड आणि ती भिंत.

"लोक तुला काय काय म्हणाले. मी ऐकून घेतलं. आज बोललो बघ... झालं ना आता? सुटलो ना मी?"

तो वाट बघत राहिला. एक मिनिट. दोन.

टक.

एकदा.

दुसऱ्या टकची वाट बघत तो किती वेळ उभा होता, त्याला ठाऊक नाही. ती आलीच नाही.

अजून नाही झालं, असाच त्याचा अर्थ. दुसरा कुठला असणार? भिंतीसमोर बोलून काय उपयोग! जिने ऐकायला पाहिजे होतं ती चार गल्ल्या पलीकडे जागी होती. दुकान उघडं टाकून तो तसाच चालत वहिनीकडे गेला. दारातच सगळं सांगितलं, आत पाऊलसुद्धा न टाकता.

वहिनी ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे ते शुद्धीत होते."

आणि वर्षात पहिल्यांदा मोठ्याने रडली. माणूस गेला तेव्हा रडली नव्हती ती, लोकांच्या बोलण्याने तिचं रडणंही आटलं होतं. डोळे पुसून म्हणाली, "भावोजी, वर्षभर लोक बोलत होते. तुम्ही इथे बसून जेवत होतात." एवढंच. त्याला घालवलं नाही. आत या असंही म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी ज्या ज्या घरात कुजबुज झाली होती तिथे स्वतः गेली आणि उंबऱ्यात उभं राहून सांगून आली. धाकट्याशी आजही कामापुरतंच बोलते. तो म्हणतो, तेवढंही माझ्या लायकीपेक्षा जास्त आहे.

नंतर तो त्या गिऱ्हाइकाकडेही गेला. सांगून टाकायला.

ते गिऱ्हाईक मी.

बघू नका असे माझ्याकडे. मागे तुमची आई होती, मामी होती, आणि तुम्ही दोघं, खिडकीवरून भांडत. दहा-बारा वर्षांची होतात, तुम्हाला आठवणार नाही. कालव्याच्या वळणावर समोरून एक जाडजूड स्कूटरवाला आला. एका हाताने डोळे झाकले होते त्याने. क्षणभर दिसला मला. आणि मी काय म्हणालो माहितीये? मी तुमच्या आईला हसत म्हणालो...

याला काय झालं?

नऊ वर्षं होतील. अजून ते हसू माझं मलाच ऐकू येतं.

चल, उतर. ती समोर गिरणीची भिंत आहे ना, तिच्याकडे तोंड करून लाव गाडी. ताई मागे बसेल, मीही बसतो. तू स्क्रू फिरव. इथे वेळ गेला तर जाऊ दे, तुझी आई थांबेल पाच मिनिटं.

हो, त्या मुलीच्या गाडीचं सांगायचं राहिलं. अजून तीच वापरते. मेकॅनिकने दोनदा मागच्या स्प्रिंगा बदलून दिल्या, मग तिनेच सांगितलं, राहू दे आता. गेल्या महिन्यात मी स्वतः मागच्या दोन्ही चाकांवरची फट बोटं लावून मोजली. दुपारी दोन्ही बाजू अगदी सारख्या. मग अंधार पडला, तिने दिवे लावले आणि पर्स आणायला घरात गेली. मी पुन्हा मोजलं.

गाडीत कुणी नव्हतं. मागची डावी बाजू चार बोटं खाली होती.