दोनदा सेव्ह

"अहो, तो दह्याचा डबा आधी खाली घ्या!"

यज्ञेशशी माझं पहिलं बोलणं हे असं. मे महिना, लातूरचं ऊन, आणि आमच्या क्लासमध्ये दिवसभर एसी चालणारी खोली एकच... माझ्या सर्व्हरची. हे महाशय नांदेड शाखेतून फिजिक्स शिकवायला नुकतेच आलेले, आणि डबा ठेवला तो थेट सर्व्हरच्या डोक्यावर!

"बाहेर लई आंबट होऊन राहिलं हो," तो म्हणाला आणि हसला. हसू छान होतं, म्हणून मला जास्तच राग आला.

मी आधीच धास्तावलेली. रविवारी लातूर-नांदेडच्या सगळ्या मुलांची ऑनलाइन सराव परीक्षा माझ्या लिनक्स सर्व्हरवर होणार होती. तो बसला, तर काम पुण्याच्या कंपनीला, असं क्लासचे मालक अमृतराव सर तोंडावर बोललेले. मग मी परत देगलूरला. तिथे बाबांनी स्थळ बघूनच ठेवलेलं.

दुसऱ्या दिवशी दही पुन्हा हजर. या वेळी स्टुलावर.

"काय बघून राहिलात एवढं, उर्वी मॅडम?"

"लोड, म्हणजे सर्व्हरवरचा ताण. प्रोग्राममधून खोटी मुलं परीक्षेला बसवतेय. आधी थोडी, मग वाढवत जायची. हा कुठे दमतो ते कळतं."

"सगळी एकदम न्हाई बसवत?"

"पंगतीत सगळ्यांना एकदम वाढतात का?"

"मी तर नुसता जेवायला बसतो," तो म्हणाला. मी हसू दाबलं... जमलं नाही.

खोटी मुलं हजारावर गेली, तरी सर्व्हर निवांत! मी खुर्चीतच गिरकी घेतली. तेव्हा तोच म्हणाला, "आता खरी पोरं बसवून बघू की. माझी बॅच घ्या."

शनिवारी, हजार खोटी मुलं चालू असतानाच, तो हॉलमध्ये आपल्या बॅचची एकेक रांग सुरू करायचा आणि काचेपलीकडून माझ्याकडे बघायचा. मी अंगठा दाखवला की पुढची रांग. तिसऱ्या रांगेला सगळं अडकलं. प्रोसेसर रिकामा, मेमरी मोकळी, पण डिस्कवर उत्तरं लिहायला ही गर्दी!

"मॅडम, लावू का पुण्याला फोन?" दारातून अमृतराव सर.

"उद्यापर्यंत थांबा, सर," मी म्हटलं. डोळे भरून आले होते.

मी हॉलमध्ये मुलांच्या मागे जाऊन उभी राहिले. टकटक, टकटक! प्रत्येक उत्तराला सेव्ह दोनदा, आणि विचार करताना उगाच पुन्हा दोनदा. माझी खोटी मुलं शहाणी, एकदाच दाबायची.

"कुणी शिकवलं रे हे?"

सगळ्या माना यज्ञेशकडे वळल्या. त्याचा चेहरा उतरला.

"मीच. मागं लाईट गेली अन् माझ्या पोरांची उत्तरं उडाली. तेव्हापासून सांगतो, दोनदा दाबा." तो थांबला. "किल्लारीकडचा हाय मी. भूकंपाच्या वर्षी जन्मलो. आई अजून झोपताना दोनदा भिंतीला हात लावून बघती. आमच्या घरात सगळंच दोनदा... सांगतो पोरांना, दाबू नका म्हणून."

माझा राग कुठल्या कुठे गेला.

"नको. परीक्षेच्या तोंडावर मुलांची सवय मोडू नका. मी सर्व्हरला शिकवते."

तेच उत्तर पुन्हा आलं, तर ते पुन्हा लिहायचंच नाही, एवढं मी त्याला शिकवलं. खोट्या मुलांनाही दोनदा दाबायला लावलं. यज्ञेश शेजारी बसून आकडा वाढवत होता.

"वाढवू?"

"वाढवा."

"अजून?"

"घाबरताय की काय, सर?"

"लोडला न्हाई. तुमच्याजवळ बसायला... घाबरत होतो."

माझे कान तापले. एसी चालू होता हो!

रविवारी लातूर आलं, नांदेड आलं, लोड चढत गेला. मी स्क्रीनवरून नजर हलवली नाही. डिस्कसमोर रांगच नाही! शेवटचा पेपर जमा झाला आणि हॉलमधून मुलांचा असा गलका उठला, की मीही ओरडले.

अमृतराव सर पेढे घेऊन आले. "पुण्याला फोन नको मग."

"पुढच्या वर्षीही नको, सर," मी ठणकावलं. तिथूनच देगलूरला फोन लावला. "बाबा, त्या स्थळाला नाही सांगा. माझं काम इथे आहे."

फोन ठेवून वळले, तर दारात यज्ञेश. हातात दह्याचा डबा.

"उर्वी, मला तू आवडतीस."



"मला तू आवडतीस," त्याने पुन्हा सांगितलं.

"दोनदा कशाला?"

"एकदा सांगून राहील की न्हाई... भीती वाटती."

मी त्याच्या हातातला डबा घेतला आणि माझ्या हाताने सर्व्हरच्या डोक्यावर ठेवला.

"राहिलंय," मी म्हटलं. "पहिल्याच वेळी सेव्ह झालं."