सहाशे पेशींची फाइल

खोटं वाटलं तर वाटू द्या. भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई मी नव्हे. पण हे माझ्याच बाबतीत घडलंय. रात्री नाही... भर दुपारी, सव्वातीनला, दवाखान्याच्या तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये.

माझं काम कोडिंगचं. पेशंट घरी गेला की फाइल वाचायची, डॉक्टरांनी लिहिलेल्या प्रत्येक आजाराला ठरलेला कोड द्यायचा. डॉक्टरांनी लिहिलं नसेल तर मनाने काही टाकायचं नाही. शंका आली तर त्यांना लेखी विचारायचं.

त्या सोमवारी शिवणकाम करणाऱ्या एका बाईची फाइल आली. आदल्याच दिवशी घरी सोडलेली. रक्ताच्या रिपोर्टात पांढऱ्या पेशी सहाशे. चार हजार तरी हव्यात. म्हणजे रोगाशी लढायला अंगात कुणी उरलंच नव्हतं.

डॉक्टरांनी लिहिलं होतं फक्त... ताप.

"काकू, हे विचारायला हवं," मी शेजारच्या टेबलावरच्या आमच्या जुन्या कोडर बाईंना म्हटलं.

"विचार की. डॉक्टर तुला आठवडाभर झुलवतील आणि साहेब माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटतील. ताप लिहिलाय ना, ताप टाक. तू काय मोठी सर्जन लागून गेलीस?"

मी ताप टाकला. फाइल बंद केली.

काकूंना दोष देत नाही. कंटाळा माझाच होता. मी विचारलं असतं, तर त्याच दिवशी कुणीतरी तिला परत बोलावलं असतं.

गुरुवारी ती घरातच वारली.

शुक्रवारी सव्वातीनला तीच फाइल कॉम्प्युटरवरच्या माझ्या यादीत होती. उघडी.

मी बंद केली.

पाच मिनिटांनी... पुन्हा उघडी.

मागे कुणीतरी खोकलं. कोरडं, दाबून, तोंडावर फडकं धरल्यासारखं.

वळून पाहिलं. काकू चहाला गेल्या होत्या. मागे नुसते रॅक.

खोकला थांबला. मग पंख्याचा आवाजही थांबला...

पंखा मात्र फिरत होता.

शेवटी मी डॉक्टरांना लिहिलं. चार दिवस उशिरा. पांढऱ्या पेशी सहाशे, निदान लिहिलेलं नाही, कृपया लिहावं.

लगेच फोन वाजला. डॉक्टरच.

"पुन्हा काय विचारता? सकाळीच लिहून दिलंय. तुमच्या विभागातली बाई आली होती ना, मास्क लावून. लिहीपर्यंत समोरून उठली नाही."

"आमच्याकडून कुणी आलं नव्हतं, सर."

मी स्क्रीनवर खाली गेले. सकाळी दहाची नोंद. पांढऱ्या पेशी अतिशय कमी, संसर्गाचा धोका, घरी सोडायला नको होतं.

"जाताना विचारत होती, फाइल बंद कुणी केली म्हणून."

फाइलच्या तळाशी, बंद करणाऱ्याच्या रकान्यात माझंच नाव होतं.

"मी तुमचं नाव सांगितलं. का, काही चुकलं का?"

तीन आठवडे झाले. फाइल पुन्हा उघडलेली नाही.

तिचं डॉक्टरांकडचं काम झालं.

माझ्याकडचं... अजून बाकी आहे.