निजवलेला डोंगा

तो पाण्यातून वर आला तोच मोठ्या रुबाबात... मुखवटा कपाळावर सरकवलेला, चेहऱ्यावर काम फत्ते झाल्याचा आनंद, आणि मागे रिकाम्या ड्रमांना बांधलेला, शेवाळाने माखलेला – मुन्नालालकाकांचा लाकडी डोंगा!

 काठावरून काका धोतर सावरत पुढे धावले.

"काऊन काढला बे माहा डोंगा?"

"बुडला होता न, काका..." तो गोंधळला.

"बुडला नाई! निजवला होता त्याले!"

आणि मी हसले. इतकी हसले, की डोक्यावरची मोहफुलांची टोपली खाली ठेवावी लागली. त्याने माझ्याकडे पाहिलं. ओल्या पापण्या, पाण्याने लाल झालेले डोळे... आणि त्या डोळ्यांत असा खराखुरा ओशाळलेपणा, की माझं हसू अर्ध्यावरच थांबलं.

त्याचं नाव उमेंद्र. मूळचा तिरोड्याकडचा, पण काही वर्षांपासून समुद्रात बुडालेली जहाजं काढायच्या कामावर होता. चैत्रातल्या वादळात आमच्या मासेमारी संस्थेची मोटरबोट इंजिनासकट बांधात, म्हणजे गावच्या तलावात, बुडाली, ती काढायला तो सुट्टीत आला होता. सोबत जोडीदार हेमेंद्र आणि श्वासासाठी हवा पुरवणारा कॉम्प्रेसर. आमच्या बांधाच्या गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग नाही, सगळं हातांनी चाचपायचं. हाताला नाव लागली, यानं ती काढली. उन्हात लाकूड तडकू नये म्हणून आमच्या बांधटोला गावात डोंगे दगड भरून उन्हाळाभर पाण्याखाली निजवतात, हे त्या बिचाऱ्याला कुठून ठाऊक असणार?

"तुमच्या गावात बुडलेलं कोनतं नं निजलेलं कोनतं, समजाचं कसं?" त्याने मलाच विचारलं.

"विचाराचं. आमाले तोंड आहे."

"मंग तुमीच बसा दोर धरून. विचारत जातो."

थट्टाच होती. पण बाबांचे गुडघे गेल्यापासून आमच्या घरची मासेमारी मी करते, बांधातली प्रत्येक जागा मला पाठ. संस्थेच्या लोकांनीही मान डोलावली – दुर्गेश्वरी बसेल. आणि मी मुन्नालालकाकांच्या त्या अर्धवट झोपेतून उठवलेल्या डोंग्यात, त्याच्या कमरेला बांधलेल्या दोराचं दुसरं टोक धरून बसले.

"एक झटका म्हंजे ठीक आहे," तो समजावत होता. "दोन म्हंजे दोर सैल सोडा. अन् झटके थांबलेच नाई, तं काही इचारू नका. ओढा."

मी वरून एक झटका द्यायचा, त्याने खालून एक द्यायचा. ठीक? – ठीक. एवढंच बोलणं. पण काय सांगू... त्या एका झटक्यासाठी माझे तळहात दिवसभर वाट पाहायचे! गरज नसताना मी झटके द्यायचे. तो वर आला की म्हणायचा, "इतक्या खेपा कायले इचारता?"

"दोर ओला आहे. समजत नाई," मी म्हणायचे.

"दोर ओलाच राहते," तो म्हणायचा, आणि हळूच हसायचा.

शेवटी एका सकाळी ड्रममध्ये हवा भरली गेली, पाणी ढवळून निघालं आणि मोटरबोट चिखल ओकत वर आली. सगळ्या काठाने टाळ्या वाजवल्या. मी सोडून. काम संपलं होतं. हेमेंद्र पाइप गुंडाळायला लागला, तसा माझा जीव कासावीस झाला आणि तोंडातून निघून गेलं –

"माहा डोंगा सापडत नाई."

साफ खोटं. माझा डोंगा कुठे आहे, हे मी झोपेतही सांगितलं असतं. पण बोलले ते बोलले. "त्या अर्जुनाच्या झाडाची खूण धरून निजवला होता. वादळात झाड पडलं. आता जागा गवसत नाई."

"कसा आहे डोंगा?"

"टोकाले तांब्याची पट्टी आहे." खोटं बोलायचीही धड सवय नाही मला, वर्णन मात्र खरं करून बसले!

तो थांबला. तीन दिवस बांधाचा कोपरा न् कोपरा धुंडाळत राहिला. कंपनीचे फोन वाजत होते – समुद्रात एक मालवाहू बार्ज बुडालं होतं, तो लगेच हवा होता. हेमेंद्र चिडचिड करत होता. तिसऱ्या दिवशी उमेंद्र थकून डोंग्याच्या काठाला लटकला. त्याच्या बोटांची कातडी पांढरीफटक पडली होती. ती बोटं पाहून मला राहवेना.

"एक सांगाचं आहे..." मी मान खाली घातली.

"डोंगा काठच्या वडाखाली आहे, हेच न?"

मी दचकले. "तुले... तुमाले कवा समजलं?"

"पयल्याच दिवशी. मुन्नालालकाकाच्या डोंग्याले लागूनच होता. तांब्याची पट्टी हाताले लागली होती."

"मंग तीन दिवस काय शोधून राहिला होता तू?"

"तू म्हणाली!" तो हसला.  "डोंगा सांगितला असता, तं जा लागलं असतं न मले."

कमरेचा दोर सोडून त्याने माझ्या हातात दिला. "डोंगा काढू नको. दिवाळीच्या आधी येतो. दोघं मिळून काढू."

तो गेला. अर्जुनीच्या स्टेशनवर मी गेले नाही. बाबांना काय सांगणार होते?

पावसाळा आला, गेला. दर रविवारी फोन यायचा. पलीकडे त्याच्या आवाजापेक्षा समुद्रच जास्त बोलायचा.

"कशी आहेस?"

"ठीक. तू?"

"ठीक. डोंगा?"

"पाण्यातच आहे."

बस. एवढंच. भादव्यात सगळ्यांनी आपापले डोंगे काढले. मी काठावरून जाळं फेकत होते, हाताला बारीक चिंगळ्याच लागत होत्या. घरची चूल त्या डोंग्यावर चालायची. बाबा रोज विचारायचे, "डोंगा काऊन नाई काढून राहिली, पोरी?" मी रोज काहीतरी सांगायचे. संध्याकाळी वडाखाली जाऊन कमरेएवढ्या पाण्यात उभी राहायचे, पायाने तांब्याची पट्टी चाचपायचे. आहे... आहे. रडू यायचं ते तिथेच पाण्यात पुसायचे.

दिवाळी आली, गेली. तो नाही आला. काम लांबलं म्हणाला. पुढच्या शनिवारी रात्री बाबा मला काहीच बोलले नाहीत, नुसतं फाटकं जाळं विणत बसले. ते मात्र मला सोसवलं नाही. सकाळी डोंगा काढायचाच, एकटीने, असं ठरवून मी पाण्यात उतरले. आतला पहिला दगड उचलला... आणि हातातून सुटेना. तो परत ठेवला आणि ओल्या कपड्यांनी काठावर येऊन बसले. रविवार होता. फोन वाजला.

"कशी आहेस?"

'ठीक' अगदी ओठांवर आलं होतं.

"नाई ठीक," मी म्हणाले. "कवाची झटके देऊन राहिली मी. एक नाई, दोन नाई, थांबूनच नाई राहिले. तुले समजत नाई काय, उमेंद्र?"

पलीकडे नुसता समुद्र.

"तूच सांगितलं होतं, झटके थांबले नाई तं काही इचाराचं नाई..." माझा आवाज फुटला. "ओढ न मले."

 मग तो घाईघाईने बोलला –

"गोंदियावरून अर्जुनीले पयली गाडी कितीची आहे?"

मी सांगितलं. कसंबसं.

"डोंग्याले हात नको लावजो," तो म्हणाला. "निघून राहिलो."

बाबा मागे कधी येऊन उभे राहिले होते, कळलंच नाही. काठीवर भार टाकून ते वडाखालच्या पाण्याकडे पाहत होते.

"कोनाचा फोन होता वं?"

"डोंगा काढणाऱ्याचा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"मंग दगड फेकाले मी येऊ, का तुमी दोघंच?"

बाबांसमोर मी जन्मात कधी लाजले नव्हते. पदरात तोंड लपवलं आणि म्हणाले, "दोघंच."