लाकडी हात

वायरी नंतर जोडा, पोरांनो. बसा जरा. उद्या तुमच्या यंत्रांची तपासणी आहे, म्हणून ही गोष्ट आजच कानावर घालतो. ऐकीव नाही, माझ्या मावसभावाची आहे.

सात फेब्रुवारी दोन हजार चोवीस, बुधवारची रात्र. साडेदहाच्या सुमाराला हा भाऊ, इंद्रजीत राठोड, पुसदच्या घरातून मोटारसायकल काढून कॉलेजकडे निघाला. काम एवढंसं होतं. एका यंत्रावरचं स्टिकर काढून यायचं.

इंद्रजीत तिथं शिकवायचा आणि दरवर्षीची कॉलेजाकॉलेजांमधली स्पर्धा त्याच्याच गळ्यात असायची. त्या वर्षी विषय होता सोयाबीनचं थ्रेशर, म्हणजे मळणीयंत्र. पोरांनी ते स्वतःच्या हातांनी बनवायचं, आणि त्याचं तोंड असं करायचं की पेंढी आत जाईल, हात जाणार नाही. पहिलं आलेलं यंत्र फुलसावंगीच्या बायकांच्या गटाला वापरायला मिळणार होतं. तपासायला इंद्रजीतनं सुताराकडून सागवानी हात करून घेतला होता. रुंद पंजा, पाची बोटं, मागे लांब दांडा. तो तोंडातून आत घालायचा. आत फिरणाऱ्या दातेरी ड्रमला टेकला तर यंत्र बाद, नाही टेकला तर ‘सुरक्षित’ असं स्टिकर, खाली इंद्रजीतची सही.

त्या दिवशी त्यानं सगळी यंत्रं नीट तपासली. शेवटचं नयनचं. नयन म्हणजे संस्थेच्या अध्यक्षांचा भाचा. त्याच्या यंत्राचा हिरवा रंग अजून बोटाला लागत होता आणि रंगाखाली जुना गंज फुगलेला दिसत होता.

‘‘हे तू बनवलं?’’ इंद्रजीतनं विचारलं.

‘‘बनवलं म्हंजे, आनलं सर,’’ नयन हसला. ‘‘झरीकडून. तिकडं एका बाईचा हात गेला याच्यात, बाई दवाखान्यात नेता नेता गेली. गावात कोनी हात लावाले तयार नाही. म्हनून सस्त्यात भेटलं.’’

हसत सांगत होता, बरं का. शिसारी येते ना ऐकून? इंद्रजीतलाही आली. पण मार्चमध्ये त्याची नेमणूक पुढे चालू ठेवायची की नाही, ते अध्यक्षांच्या हातात होतं. त्यानं लाकडी हात उचललाच नाही. स्टिकर चिकटवलं आणि घरी आला.

घरी ताट समोर आलं आणि त्याला घास गिळवेना. बायको, बबिता, विचारायला लागली.

‘‘जेवन काहून टाकून राह्यले?’’

त्यानं सगळं सांगितलं. तिनं त्याचं ताट बाजूला सरकवलं.

‘‘त्या गटात माही बहीन जमनी हाय,’’ ती म्हणाली. ‘‘यंत्रात पेंढ्या तेच घालते. तुमाले मालूम होतं ना?’’

मालूम होतं. म्हणूनच तो उठला. स्वतःचीच किळस आलेला माणूस घरात बसू शकत नाही.

वर्कशॉपचं शटर त्यानं उघडलं. बटण दाबलं, दिवा लागला नाही. मोबाइलचा उजेड धरून तो नयनच्या यंत्रापाशी गेला. ताज्या रंगाचा वास येत होता. त्याखाली दुसरा एक वास. उन्हात राहिलेल्या मटणासारखा. त्यानं नाकाला रुमाल लावला आणि स्टिकर नखानं खरवडायला घेतलं.

निघेना.

आत ड्रम फिरल्यासारखा वाटला. हळू. एकदा.

पट्टा काढलेला होता. मोटार भिंतीशी पडली होती.

उंदीर असेल, तो मनाशी म्हणाला. मग वाटलं, आलोच आहे तर जे दिवसा केलं नाही ते आता करू. त्यानं लाकडी हात उचलला. तोंडातून आत घातला. सहज गेला. मनगट गेलं. अर्धा दांडा गेला. खट्... ड्रमला टेकला.

यंत्र बाद.

त्यानं दांडा ओढला.

आला नाही.

पुन्हा ओढला...

आतून कुणीतरी ओढला.

जोरात नाही. शेजारीण पेंढी हातात घेते ना, तसा. दांडा बोटभर आत गेला. मग आणखी बोटभर. इंद्रजीतची मूठ तोंडाच्या पत्र्याला लागली. पत्रा ओला होता. कोमट.

‘‘कोन हाय?’’

...

‘‘बाई...’’ तो पुटपुटला.

...

त्यानं मूठ सोडली. शटर उघडंच टाकून तो पळाला. रस्त्यात दोनदा ओकला.

सकाळी मांडवात सगळ्या कॉलेजांची पोरं, पाहुणे, अध्यक्ष. तिथं आणून ठेवलेल्या नयनच्या यंत्रातून लाकडी दांडा बाहेर डोकावत होता.

‘‘सर, तुमचा हात अटकला वाटते,’’ नयन म्हणाला.

‘‘काढ,’’ इंद्रजीत म्हणाला. ‘‘सुरक्षित आहे ना? घाल हात आन् काढ.’’

नयनचा चेहरा पांढरा पडला. तो मागे सरला.

मग इंद्रजीतनं माइक घेतला. म्हणाला, हे यंत्र पोरांनी बनवलेलं नाही, मी तपासलेलं नाही, वरची सही खोटी आहे आणि ती माझी आहे. अध्यक्ष उठून गेले. मार्चमध्ये त्याची नोकरी गेली. यंत्र भंगारात तोडलं, ते त्यानं स्वतः उभं राहून तोडून घेतलं.

पण त्याआधी, सगळ्यांसमोर, त्यानं तो दांडा धरला. तेव्हा लोण्यातून सुरी यावी तसा तो बाहेर आला.

आणि त्या लाकडी हाताच्या मनगटात बांगडी होती. काचेची, हिरवी, एकच. कुठं टवका नाही.

तो लाकडी हात इंद्रजीतनं मला दिलाय. या पेटीत आहे. उद्या मी त्यानंच तपासणार आहे. तेव्हा बघून घ्या. बांगडी बारीक मनगटाच्या बाईची आहे आणि पंजा माझ्या पंजापेक्षा रुंद. साबण लावून पाहिला, तेल लावून पाहिलं. ती उतरत नाही. चढली कशी, ते मला विचारू नका.